पाण्याची वेळ

एकतीस वर्षं मी महापालिकेत लघुलेखक होतो.
सभागृहात बोललं जाई ते रेघोट्यांत धरायचं,
दुसऱ्या दिवशी टंकून द्यायचं, तीन प्रतींत.
म्हणून हरेश्वर नाखवांचं अख्खं महापौरपद
माझ्या हाताखालून गेलं, एका वर्षाचं,
आणि त्यात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं
फारसं काही नव्हतं.
"शांतता राखा." "प्रस्ताव मंजूर."
"सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं."

माणूस भाऊच्या धक्क्यावर बर्फ फोडत वाढलेला.
नखं तशीच राहिली होती, पांढरट, थिजलेली.
महापौरांच्या झग्यातून हात बाहेर आले
की ते पटकन टेबलाखाली घेत.

त्या वर्षी फिलिपिन्सहून एक महापौर आले,
क्रिसान्तो माग्बानुआ,
विसायातल्या कुठल्याशा बंदराचे.
तेही कोळ्याचंच पोर.
दुभाष्यानं हे सांगितलं नाही;
ताटात जिताड्याचं डोकं आलं
आणि दोघांनी एकदमच आधी गालाचं मांस काढलं,
तेव्हा कळलं.

माग्बानुआ मोकळे. तिसऱ्यांदा निवडून आलेले.
आधी वडील त्याच खुर्चीत होते, पुढे बायको बसणार होती,
हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं.
पोलीस त्यांचं ऐकणारे, बाजार त्यांचा,
समुद्राला घातलेली भिंतही त्यांचीच,
दर दहा पावलांवर नाव कोरलेली.
"तुमच्या हुकमात माणसं किती?" त्यांनी विचारलं.
नाखवा जरा थांबले.
"एक चोपदार. तोही सभा असली की."
सगळे हसले. आयुक्त जरा जास्तच.
मी ते लिहून घेतलं, आणि टंकताना गाळलं.

भेट म्हणून होडी आली,
काचेसारख्या पातळ शिंपल्यांची.
"आमच्याकडे जुन्या खिडक्यांना हेच असायचं,"
नाखवा म्हणाले, आणि ती उजेडासमोर धरून
बराच वेळ पाहत राहिले.

पाहुणे गेले. मला वाटलं, आभाराचं पत्र सांगतील.
म्हणाले, "आमच्या भागाचा चावीवाला कोण?"

कोळीवाड्यात तेव्हा पाणी यायचं रात्री पावणेतीनला.
बायका भरून ठेवायच्या
आणि चारला टोपल्या उचलून धक्क्यावर.
अर्ज झाले होते, ठराव झाले होते, मीच टंकले होते.
त्या संध्याकाळी दिव्याची गाडी सोडून
नाखवा चालत गेले सोनू घाडीच्या खोलीवर,
उंबऱ्यात बसले, बशीतून चहा प्यायले.
काय बोलले ते माहीत नाही.
मी बाहेर उभा होतो, वही बंद करून.

पुढच्या सोमवारपासून पाणी संध्याकाळी सातला.
कोणाची तरी संध्याकाळ गेली असणार;
पाणी तेवढंच असतं.
कोणाची गेली ते मी शोधलं नाही.
त्यांनी शोधलं असावं.
पुढची निवडणूक ते एक्केचाळीस मतांनी हरले.

आता त्यांच्या नावाचा चौक आहे, उड्डाणपुलाखाली.
पाटीवर "नाखावा" लिहिलंय.
दुरुस्तीचा अर्ज मी दोनदा दिला.

खूप वर्षांनी माग्बानुआंचं पत्र आलं,
बायकोच्या लेटरहेडवर.
खटला चालू आहे, तब्येत बरी नाही,
होडीबरोबरचा तो फोटो मिळेल का.
फोटो सापडला. पाठवायची मंजुरी नाही सापडली.
भिंत अजून उभी आहे का,
एवढं तरी विचारायला हवं होतं.

परवा सुके बोंबील घ्यायला कोळीवाड्यात गेलो.
सात वाजले, नळ खाकरले,
आणि गल्लीभर पिंपांचे आवाज.
एका मुलीला विचारलं,
पाणी सातला कधीपासून येतं गं?
तिनं माझ्याकडे पाहिलं,
सूर्य कधीपासून उगवतो असं विचारल्यासारखं.
"पहिल्यापासून," म्हणाली,
आणि भरलेली कळशी उचलताना
थोडं माझ्या चपलांवर सांडलं.