रिकाम्या होड्या

रात्री गिर्येच्या सड्यावर उभा राहिलो की
वीस वावांपलीकडे दिवे दिसतात, एलईडीचे,
पांढरेफेक, म्हाकूल भुलवणारे.
मी मोजतो. तेवीस. पुन्हा मोजतो. एकवीस.
दिव्यांवरून होड्या मोजू नयेत
असं आमच्या घरात म्हणतात,
आणि का म्हणतात ते अर्धंमुर्धं
काकाच्या पत्र्याच्या डब्यात आहे:
मोडीतला एक कागद, कसरीने कुरतडलेला,
कुठल्या बखरीला ठाऊक नसलेला.

वाघोटणच्या तोंडावर टोपीकराची पाच जहाजं
महिनाभर नांगर टाकून बसलेली.
आत खाडीत आपली गलबतं,
बुडाला कालवं धरू लागलेली.
किल्लेदार म्हणाला, अवसेला निघायचं.
पण त्याआधी दुसरं आरमार निघेल.
कुठलं दुसरं? सारंगाने विचारलं.
ते तुम्ही आठ दिवसांत करा.

केलं.
अठरा होड्या, ज्यांच्यावर डांबरही आता टिकत नव्हतं,
काथ्याच्या एकाच दोरात ओवल्या.
माडाचे ओंडके काजळ फासून तोफा झाले.
गोणपाटाची शिडं, त्यांना ठिगळ
कुणाच्या लग्नातल्या जाजमाचं.
माणसं मळ्यातून आणली. बुजगावणी.
कापणी उरकली होती, तशीही ती बसूनच होती.
घरोघर बंड्या मागितल्या.
एका म्हातारीने मेलेल्या घोवाची दिली, म्हणाली,
"जित्तो असताना कधी लढायेक गेलो नाय,
आता तरी जांवदे."

प्रत्येक हाताला दोरी, सगळ्या दोऱ्या मधल्या होडीत.
ओढली की छत्तीस बाहुले एकदम हात वर करत.
ती ओढायला, आणि वाऱ्याने विझलेले दिवे
पुन्हा लावत फिरायला
उंडेलाचा बुधला घेऊन कोणीतरी आत हवं होतं.
नरशा मेस्त्री म्हणाला,
पेंढा कितीही दाबून भरा, चकमक झाडत नाही.
पदा तारी जातो म्हणाला.
किंवा म्हणाला नसेल,
सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं असेल.
त्यालाही बंडी दिली, बाकीच्यांसारखीच,
आणि सांगितलं, उगीच हलू नको.

अवस. मतलई सुटली.
दोर ताणला गेला, आणि अंधारात एक गावच्या गाव
पेटत पेटत समुद्रात चालू लागलं.
टोपीकराचा टेहळ्या बोटं मोडत राहिला,
एक दिवा मालवायचा, दुसरा लागायचा,
त्याचा हिशोब जुळेना.
मग नांगर उचलल्याचा खडखडाट सड्यापर्यंत आला.
पाचही जहाजं पेंढ्यामागे गेली.
पहाटेपर्यंत तोफा गवतावर वाजत होत्या,
आणि इकडे गलबतं, वल्ह्यांना चिंध्या गुंडाळून,
खाडीतून बाहेर, उत्तरेला.
आंबोळगड मागे पडल्यावर
कोणीतरी पहिल्यांदा खोकलं.

पुढचं कागदात नाही. पुढचं घरात आहे.

सकाळी पुळणीवर कपडे लागले.
बाया धावल्या. जिला तिला
आपल्याच माणसाची बंडी दिसली.
काळजात धस्स. गाठ सोडावी तर आत पेंढा.
मग हसू. सगळी पुळण हसत होती,
जिचा नवरा शेजारीच उभा होता तीसुद्धा डोळे पुसून.
पदाची चंद्रीही हसत होती.
तिने सात सोडल्या.
आठवी जड लागली.
पाणी प्यायला की पेंढाही जड होतो, म्हणाली,
आणि फतकल मारून
गाठ सोडायला बसली.

कागदावर कारकुनाचं अक्षर सुबक आहे.
रिकाम्या होड्या, अठरा. परत, सात.
उंडेल, दोन बुधले. पेंढा, तीन गाड्या.
बंड्या सदतीस, वाळवून ज्याच्या त्याला दिल्या.
पैकी एक कमी.
नजरचुकीने असेल.