विषय क्रमांक चार

विषय क्रमांक चार:
कचरावालीचे घरटी वीस रुपये वाढवणे.
लिमये म्हणाले, "टॅक्स भरायचा आपण
आणि फुकट खायचं ह्यांनी."
माना हलल्या. माझीही.
सचिव म्हणून लिहूनही घेतलं.
ठराव नामंजूर. पॅटिस संपले.

गुरुवारी सहकारनगरच्या कोपऱ्यावर, किराणा दुकानात
माझ्यापुढे वैजयंता अडागळे,
ढकलगाडी फुटपाथला टेकवून.
साबण, छोटी टूथपेस्ट, बिस्किटपुडा.
मशीनमधून पावती सरकली.
"काका, बघा हो, नव्वद कसे झाले?"

चष्मा लावला.
तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, कर.
माझ्या साबणावरही तोच टक्का,
पैचा फरक नाही.
चौतीस वर्षं बँकेत ताळे जुळवले,
हा एवढा राहिला होता.
वर सोसायटीच्या गांडूळखताच्या खड्ड्यामुळे
मिळकतकरात सूट आम्हाला.
खड्डा तीच भरते.

"बरोबर आहेत नव्वद," एवढंच म्हणालो.

रात्री इतिवृत्ताची वही काढली.
खाडाखोड नियमात बसत नाही.
'ह्यांनी' या शब्दापुढे
पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.
फिकटच.
लिमये वही तपासतात.