सहावा रकाना

अनुदान आलं तेव्हा प्राचार्यांनी पेढे वाटले.
तीन सत्रांपुरतं. विषय : उद्योजकता.
मी जन्मभर रेषा शिकवली,
आता म्हणाले, नफा शिकवा.

गंगापूर रोडच्या त्या वर्गात
इझल भिंतीला लावून
फळ्यावर रकाने आखले :
पत्रा, गॅस, चिंच, पॉलिश, रिक्षाभाडं.
सहावा, स्वतःचा वेळ.

हेमांगी तांबट आळीतली.
तिनं घडवलेला दिवा टेबलावर,
ठोके असे पडलेले
की उजेड त्यात पाण्यासारखा हलायचा.
सहाव्या रकान्यात तिनं शून्य लिहिलं.
"आमच्यात हे कुणी धरत नाही, सर.
बाबा वजनावर देतात."

मी खोडरबर उचलला,
परत ठेवला.
मीही माझी चित्रं
फ्रेमच्या भावातच दिली होती.

सत्रं संपली. अनुदान पुढे सरकलं नाही.
अहवालात एक ओळ : लाभार्थी एकतीस.

परवा भांडी बाजारातून येताना
तिच्या दुकानापाशी थबकलो.
तराजू होता तिथंच होता.
तिचे वडील गिऱ्हाइकाला सांगत होते,
जरा चाचरत,
दिव्यावरून अंगठा फिरवत,
"ह्याला नऊ तास लागलेत."