विंचू नको

अथणीच्या समगार गल्लीत
दुर्गाप्पानं माझं तोंड मापलं,
पाय मापतात तसंच:
दोरी नाकावरून कपाळाला,
एका कानापासून दुसऱ्या कानाला,
आणि पाटीवर खडूनं लिहिलं, आठ नंबर.

"नाक म्हंजे टाचच की हो," म्हणाला,
"उलटी."

मी त्याला पुस्तकातलं चित्र दाखवलेलं.
इटलीतला कुणी सोंगाड्या, चारशे वर्षांमागचा,
अंगात ठिगळांचा झगा,
तोंडावर काळ्या चामड्याचा अर्धा मुखवटा,
ओठ तेवढे उघडे.
"मग ह्यो बोलायचा?"
बोलायचा. पुष्कळ बोलायचा.
पण शहर बदललं की बोली बदलायची;
मागच्या मुक्कामी हशा घेतलेली कोटी
पुढच्या मुक्कामी ओल्या फटाक्यागत पडून राहायची.
मग बोलणं हळूहळू खांद्यात उतरलं,
खांद्यातून कमरेत,
कमरेतून गुडघ्यात.

दुर्गाप्पाची आरी थांबली.
"म्हंजे आमच्याकडच्यागतच की."

होय की.
आमच्या फडातही सासूचा विनोद मराठीत होता,
सावकाराचा कन्नडात.
गाव बघून मी जीभ फिरवायचो.
पण कागवाडच्या अलीकडं एका जत्रेत
मांडव निम्मा इकडचा, निम्मा तिकडचा.
डावीकडून ओरड: "मराठीत बोल!"
उजवीकडून: "कन्नडदल्लि हेळो!"
पेटीवाल्याची बोटं जागीच राहिली.
कुणाच्या तरी हातात खुर्ची उचललेली दिसली.
तेवढ्यात बत्तीवरची एक माशी
माझ्या नाकाच्या शेंड्यावर येऊन बसली.

मी तिच्याकडं बघितलं.
नुसतंच. डोळे तिरळे करून.
मागं एक पोरगं फिस्सकन हसलं.

माशी उडून गेली, मी तिला जाऊ दिलं नाही.
पाऊण तास.
हवेत धरली, मुठीत कानाशी नेली,
पंख उपटले, मीठ लावलं, खाल्ली.
मग पोटात भिणभिण.
पोट एकीकडं जायला बघतंय,
पायांना दुसरीकडं जायचंय,
आणि मधे मी, दोघांची समजूत घालत.
खुर्ची खाली आली. तिच्यावर माणूस बसला.

पुढं कधीतरी पुस्तकात वाचलं,
त्या लोकांच्यातही माशी खायचा खेळ होता.
माझी माशी चारशे वर्षं शिळी निघाली.
दोन दिवस मला कुणाशी बोलवेना.

"मग आता तोंड झाकायचं कशाला?"
दुर्गाप्पा, त्याच्या हातोडीइतका सरळ प्रश्न.
कारण माझं तोंड लबाड आहे, म्हटलं.
डोळा मिचकावतं, टाळी मागतं.
ते बंद केलं तर बाकीचं अंग कामाला लागंल.

त्यानं चामडं भिजवलं, लाकडी साच्यावर ताणलं,
शिंगानं घोटलं.
शेवटच्या थराआधी
डबीतलं बी बोटावर धरून विचारलं,
"विंचू घालू काय मधी? कर्रकर्र वाजंल.
पाटील लोक जादा पैसे देत्यात त्याला."
विंचू नको, म्हटलं.
न वाजणारं कर.

खेळाला तो आला,
पार मागं, चिंचेखाली उभा राहिला.
मी आठ नंबरच्या आत घामानं निथळत
पुन्हा तीच शिळी माशी धरली.
दुर्गाप्पा मुखवट्याकडं बघतच नव्हता.
तो माझ्या पायांकडं बघत होता,
गिऱ्हाईक नवी वहाण घालून
दुकानात चार पावलं टाकतं, तेव्हा बघतो तसा.

खेळ संपला. मी जवळ गेलो.
तो काही बोलला नाही.
अंगठा नि तर्जनी
एकमेकींवर दोनदा घासली:
राहिलेले चाळीस रुपये.