पाव की तिसरा हिस्सा

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले :
दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.
पंचवटीतली शाळा, सहावी ब,
खिडकीतून गंगेवरच्या धुण्याचे आवाज.
मुलं उलटं करत, गुणत,
उत्तर शेवटच्या पानाशी जुळे,
मी लाल शाईची खूण करी
आणि पुढच्या वहीकडे वळे.

मग दीक्षा गांगुर्डेने हात वर केला.
सहाला पावने भागलं होतं, चोवीस आले होते.
"बाई, भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना?
हे वाढलं कसं?"
मी म्हणाले, नियम आहे.
तिने वहीत लिहून घेतलं : नियम आहे.
अक्षर फार सुरेख आहे तिचं.

बुधवारी घाटावरच्या बाजारात गेले,
तर दीक्षा आईशेजारी गोणपाटावर,
लसणाच्या पुड्या बांधत.
किती आणलाय?
"सहा किलो."
पुड्या?
"पाव-पावच्या. चोवीस होतील."
कसं काढलंस गं?
"काढलं कुठं, बाई? किलोच्या चार होतात."
तिने मान वर केली नाही, दोरा दातात होता.
माझ्या फळ्यापासून तिच्या गोणपाटापर्यंत
पाच मिनिटांची वाट.

दुसऱ्या दिवशी वर्गात तराजू आला, उसना.
सात किलो लसूण, तोही उसना,
संध्याकाळी परत करायच्या बोलीवर.
म्हटलं, आज पुड्या पाऊण किलोच्या. भरा.
नऊ झाल्या. थोडा लसूण उरला.
किती उरला?
"पाव," अयान तांबोळी म्हणाला,
तराजूच जवळ ओढून.
"नाही, तिसरा हिस्सा," फळ्याजवळून कुणीतरी,
"उलटं करून बघितलं, नऊ पूर्णांक एक तृतीयांश."
वर्गाचे दोन तट पडले.
सालपटं उडाली, एक पुडी फुटली,
शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात येऊन गेले.
मी गप्प बसले. सोपं नव्हतं ते,
जीभ सारखी शिवशिवत होती.

तेव्हा मागच्या बाकावरची निशिगंधा,
जी जूनपासून फक्त हजेरीला बोलली होती,
म्हणाली, "कशाचा ते आधी सांगा ना.
किलोचा पाव. पुडीचा तिसरा हिस्सा.
लसूण तोच आहे."

वर्ग शांत झाला. खरा शांत,
माझ्या छडीच्या दिवसांतला नव्हे.
आणि अयान बोटं मोडत पुटपुटू लागला,
"सातात पाव अठ्ठावीस,
तीन-तीन पाव मिळून एक पुडी...
म्हणजे चारने गुणलं, तीनने भागलं...
बाई! हेच की ते उलटं!"

मी खुर्चीत बसले.
त्याला वाटलं, शाबासकी द्यायला वेळ लावतेय.
मलाही ते आत्ताच दिसलं होतं.

एकजण द्वारकेवर रिक्षा चालवतो,
एकजण सातपूरला लेथवर असतो,
एकीची पोरं आता याच शाळेत येतात.
सगळे उलटं करून पास झालेले,
माझ्या हातून, पैकीच्या पैकी.

अभ्यासक्रम एक धडा मागे आहे.
केंद्रप्रमुखांनी वहीत तशी नोंद केली,
वर्गाला वास कसला येतो, असंही विचारलं.

संध्याकाळी लसूण तोलून परत केला.
उरलेला तेवढा मी विकत घेतला.
"पाव आहे," दीक्षाची आई म्हणाली.
दीक्षा माझ्याकडे बघून
ओठ दाबून हसली.