चावीवाला

पहाटे चार दहाला पाणी आलं,
नळ रात्रीपासून उघडाच.
मी उठलो तेव्हा चपला हॉलभर तरंगत होत्या,
आणि गेल्या दिवाळीत घातलेली लाकडी फरशी
चहात बुडवलेल्या खारीसारखी फुगलेली.

खालच्या पालवांच्या छताला डाग पडलाय,
त्यांच्या भाषेत, श्रीलंकेएवढा.
रंगाऱ्याने साडेसात हजार सांगितले.
हो म्हटलं. घासाघीस करायला तोंड नव्हतं.

अण्णा पलंगावर पाय वर घेऊन बसलेले,
होडीत बसल्यासारखे.
"कुणी सोडलं रे एवढं पाणी?"
मी म्हणालो, पालिकेने.

चौतीस वर्षं याच माणसाने
भांडुपच्या अर्ध्या टेकडीला पाणी सोडलं.
खांद्यावर लोखंडी चावी,
कुठल्या गल्लीला किती आटे, तोंडपाठ.
एक मिनिट इकडचं तिकडे नाही.
लग्नघर असलं तर पाच मिनिटं जास्त,
तेवढाच काय तो भ्रष्टाचार.

आता झोपण्याआधी मुख्य कॉक मी बंद करतो.
काल तो हलेचना.
फडकं गुंडाळून, दात खाऊन पिळत होतो,
मागे अंधारातून आवाज आला:
"उलटा फिरवतोयस.
उजवीकडे. साडेतीन आटे.
शेवटचा हळू,
वायसर जुना आहे."