अलमासचा रंग

माझ्या पेटीत अकरा डब्या होत्या.
पहिल्या नऊ गव्हाळ, गुलाबी, शहाळ्यातल्या मलईसारख्या.
दहावी रक्ताची, मारामारीच्या सीनला.
अकरावी काळी, बुटाच्या पॉलिशइतकी काळी,
आणि ती अलमाससाठी नव्हती.

ती होती अबू तारिकसाठी.
रमजानच्या मालिकेत तो गुलाम व्हायचा,
ओठ फुगवायचा, बुबुळं फिरवायचा,
मालकाच्या मांडीवर मुद्दाम चहा सांडायचा.
त्याला रंगवायला मला चाळीस मिनिटं लागत.
शेजारच्या खुर्चीत अलमास बिन जौहर
हातावर हात ठेवून बसलेला असे.
त्याची पाळी आली की मी
पफ झटकायचो, घाम टिपायचो,
"झालं" म्हणायचो.
पडद्यावर तो राखेसारखा उमटायचा.
लाइटवाला कुट्टप्पन म्हणे,
या माणसाचा चेहरा मीटरला कळतच नाही.

त्याला संवाद दोन.
"हाजिर" आणि "कॉफी संपली".
पण कॉफी संपली म्हणायच्या आधी
तो दल्ल्याच्या चोचीतून एक डोळा घालून आत बघायचा,
मग छताकडे,
मग पाहुण्याच्या पोटाकडे, जरा जास्तच वेळ,
आणि कॅमेरामनचा खांदा गदगदून
शॉट वाया जायचा.
दिग्दर्शक ओरडे,
हसू अबू तारिकचं आहे, तू नुसती ओत.

एका गुरुवारी त्यानं विचारलं,
"तुमच्या गावी रंगवतात का असं, काळं?"
मी म्हणालो, नाही.
फार लवकर म्हणालो.
रात्री खोलीवर, पाच जणांच्या घोरण्यात,
शिमगा आठवला.
सहाणेवर बाबा,
अंगभर काळं, तोंडावर काळा बुरखा,
पांढरी दाढी, लोंबती लाल जीभ,
कमरेला घुंगरं. संकासूर.
आम्ही पोरं किंचाळत पळायचो आणि परत यायचो.
बाबा गोरेपान. गाव म्हणे,
म्हणून तर शोभतो.

शुक्रवारी संध्याकाळी चालता चालता
मी त्याला सांगून टाकलं.
तो काही वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "जीभ कशाची करतात?"
"फडक्याची."
"हं."
दोन भिंतींपुरता परत गप्प.

तो मला मुहर्रकच्या एका घरात नेत होता.
दारात चपलांचा ढीग, आत उदाचा धूर,
मधोमध एक वाद्य, माणसाच्या छातीएवढं.
तंबूरा, म्हणाले.
मी म्हणालो, आमचा असा नसतो.
म्हातारी माणसं म्हणाली, बस.
अलमासनं कमरेला पट्टा बांधला,
शेकडो बकऱ्यांचे वाळलेले खूर,
आणि नुसता कंबरेतून वळला.
कातळावरून आख्खा कळप उतरत आला.
घुंगरांच्या घरातला मी,
पण माझे पाय भलत्याच ठेक्यावर पडले.
कुणी हसत नव्हतं.
कुणी तोंडाला काही लावलं नव्हतं.
गाण्यातले शब्द अरबीही नव्हते.
अर्थ विचारला तर म्हणाला,
"आजीला येत होता. मला उच्चार येतात."

शनिवारी मी स्टुडिओत तासभर आधी गेलो.
अकरावीतलं नखभर, दहावीतलं त्याहून कमी,
बदामाचं तेल,
आणि हळद, आमच्या डाळीच्या डब्यातली, खोटं कशाला सांगू.
तीनदा चुकलं.
चौथ्यांदा त्याच्या मनगटावर बोट फिरवलं
आणि डाग कुठे लावला तेच सापडेना.
रिकाम्या व्हॅसलीनच्या डबीत भरलं.
झाकणावर नाव घातलं, मराठीत,
इतर कुणाला वाचता येऊ नये म्हणून.

ती मालिका आता फोनवर मिळते.
नातू लावून देतो. अबू तारिक आला की खिदळतो.
मी पुढे ढकलत ढकलत सतराव्या भागावर थांबवतो.
मागे, खांबापाशी, दल्ला धरून तो उभा आहे
आणि दिसतो आहे.
गाल दिसतो, कपाळ दिसतं,
हसू दाबताना नाकाशी पडलेली घडी दिसते.
फक्त डाव्या कानाखाली
रंग नीट पसरवलेला नाही.
बोलावणं आलं होतं, मी घाई केली.